फेकून द्यायचा डबा

"तेच तर विचारतोय अण्णा, यात माझं चुकलं काय?"

प्राध्यापक नीळकंठ पावसकर मठाच्या कट्ट्यावर बसून हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होते.

बसाप्पा अण्णा वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडत होते. वय ऐंशीच्या पुढं. उभा जन्म तेलाचा घाणा चालवला, आणि आता गडहिंग्लजबाहेरच्या या लहानशा मठाची झाडलोट करतात. लोक त्यांच्याकडं अडचणी घेऊन येतात. अण्णा ऐकून घेतात, कधी चार शब्द बोलतात, कधी नुसतीच ओंजळभर वांगी देऊन वाटेला लावतात.

"पहिल्यापासनं सांग," अण्णा म्हणाले.

पावसकरांनी सांगितलं.

पावसकर कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे आणि दर रविवारी गावच्या पेपरात आपल्या रीतीभातींवर खुसखुशीत लिहायचे. पंगतीतला आग्रह, पायात चपला घालून दारात तासभर चालणारा निरोप, "काही नको, अर्धा कपच" म्हणून दोन कप पिणारे पाहुणे. लोक पोट धरून हसायचे. आपण हुशार आहोत हे पावसकरांना ठाऊक होतं, आणि इतरांनाही ते विसरू द्यायचे नाहीत.

दिवाळीआधी त्यांनी वाटीवर लिहिलं. शेजारच्या गोदाक्का हुक्केरींकडून वाटीतून काहीतरी यायचं. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून यांच्याकडून त्यात काहीतरी जायचं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी. पुन्हा तिकडून काहीतरी. असं एकोणीस वर्षं! वाटीवर नाव कोरलेलं होतं 'कै. रखमाबाई यांचे स्मरणार्थ', आणि ही रखमाबाई कोण, ते दोन्ही घरांत कुणालाच माहीत नव्हतं.

लेख फार गाजला. गोदाक्कासुद्धा हसल्या.

"मग मी म्हटलं, नुसतं लिहून काय उपयोग? आपणच सुरुवात करावी. दिवाळीला वाटी घरातच ठेवली आणि त्यांच्याकडं करंज्या पाठवल्या त्या प्लॅस्टिकच्या डब्यात. निरोप दिला, डबा परत करू नका, फेकून द्या. त्यांच्या डोक्याला ताप नको!"

"मग?"

"मग काय... त्या दिवसापासून तिकडून काही येत नाही. बोलतात, हसतात, पण वाटी नाही. आणि आमची ही! 'जेवायला या' आणि 'झालं का', एवढंच बोलते. रोज पिठलं करते. काही वेगळं कर म्हटलं तर म्हणते, कुणासाठी करू? काल म्हणाली, संक्रांतीला अक्का तिळगूळ द्यायला आल्या नाहीत, तर मी माहेरी चालले."

संक्रांत पाच दिवसांवर आली होती. गोदाक्कांच्या हातचं थालीपीठ आठवून पावसकरांना खरंच वाईट वाटलं.

अण्णांनी हात धुतले आणि कट्ट्यावर येऊन बसले. पावसकरांनी लगबगीनं पिशवीतून चिवडा काढून पुढं ठेवला.

अण्णांनी घास घेतला. "झकास झालाय. डबा न्यायला कधी येतोस?"

"न्यायचा कशाला, अण्णा? प्लॅस्टिकचा आहे. फेकून द्या."

अण्णांनी डब्याकडं बघितलं. मग पावसकरांकडं.

"म्हंजे तू परत येणार न्हाईस."

"असं कसं! येईन की."

"कशाला?"

वर्गात साठ पोरांसमोर न अडखळणाऱ्या पावसकरांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"बरं, आता सांगा तरी," शेवटी ते म्हणाले. "त्यांना काय पाठवू? बेळगावचा कुंदा मागवतो. चांगल्या स्टीलच्या डब्यात देतो."

"काय बी पाठवू नको. वाटी घे आणि जा."

"वाटीत काय घालू?"

"रिकामीच घे."

"रिकामी! अण्णा, अहो, त्यांची वाटी रिकामी घेऊन त्यांच्या दारात..."

"आणि माग."

"मागू? काय मागू? आमच्या घरात कशालाच कमी नाही!"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, तरी हसू थांबेना.

"इरजण माग. दही लावायला."

"दही आहे की घरात. पातेलं भरून आहे."

"मग पहिलं ते खाऊन टाक. खोटं बोलून मागू नको."

पावसकर घरी गेले. भर थंडीत, दुपारी तीन वाजता, स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी पातेलंभर दही खाल्लं. आधी साखर घालून, मग मीठ घालून, मग नुसतंच.

"अहो, सर्दी होईल!" त्यांची बायको विजयाबाई ओरडल्या. दोन महिन्यांत त्यांचं हे पहिलंच काळजीचं वाक्य होतं. पावसकरांना दही गोड लागलं.

रखमाबाईंची वाटी घेऊन ते शेजारच्या दारात उभे राहिले. सदऱ्यावर दह्याचा डाग होता. एकोणीस वर्षांत त्यांनी या दाराची कडी स्वतः कधी वाजवली नव्हती. वाटीची ने-आण बायकाच करत, यांनी फक्त लिहिलं होतं. डागावर वाटी आडवी धरून त्यांनी कडी वाजवली.

गोदाक्कांनी दार उघडलं. वाटीकडं बघितलं.

"रिकामी?"

"अक्का... इरजण मिळेल का? घरात चमचाभर दही नाही."

"असं कसं? विजयाताई सकाळी तर पातेलं दाखवत होत्या."

"मी खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

गोदाक्कांची नजर सदऱ्यावरच्या डागावर गेली. मग पदर तोंडाला लावला, पण हसू कुठलं आवरतंय! दाराची चौकट धरून हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "काय बाई हे सर!" म्हणत आत गेल्या आणि चमचाभर इरजणाच्या जागी वाटी काठोकाठ भरून घेऊन आल्या. दह्यावर लोणच्यातली एक मिरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसकरांच्या दाराची कडी वाजली. दारात गोदाक्का, हातात काही नाही.

"सर, कढीपत्ता हाय का चार पानं?"

विजयाबाईंनी धावत जाऊन दिला, वर चहाला बसवून घेतलं. निरोपाला दारात पाऊण तास लागला. पावसकर आत बसून ऐकत होते. त्यांना त्यावर लिहावंसंही वाटलं नाही, इतका आनंद झाला होता.

संक्रांतीला तिळगूळ आला, आणि कितीतरी दिवसांनी थालीपीठही आलं.

पुढच्या सोमवारी ते मठात गेले. बरोबर दही होतं, त्याच इरजणानं लावलेलं. या खेपेला डबा स्टीलचा होता, बायकोच्या माहेरचा, बुडाला नाव कोरलेला.

अण्णांनी तिथंच बसून दही संपवलं आणि बोट चाटलं.

"एक गोष्ट कळली नाही, अण्णा. गोदाक्कांच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे. माझ्यापेक्षा उंच! मग आमच्याकडं मागायला कशाला आल्या?"

अण्णा उठले. नळावर गेले, डबा घासला, विसळला, आणि आत नेऊन फळीवर पालथा घातला.

परत आले ते दुसरंच काहीतरी घेऊन. पावसकरांचा चिवड्याचा प्लॅस्टिकचा डबा. बुडाला भोकं पाडलेली, आत माती, आणि मातीत वांग्याची दोन तरारलेली रोपं.

"हा तुझा फेकायचा डबा. घेऊन जा."

पावसकरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पायरी उतरले, थबकले, वळले.

"आणि तो स्टीलचा, अण्णा? तोही देऊन टाका की. घासून झालाय."

"आज कसा देऊ?" अण्णा म्हणाले. "रिकामा हाय."