शेजाऱ्याच्या श्वासावर

“या लोकांच्यात मी कशाला गाऊ, बाबा?”

टोमाश गाठोडं काखेत मारूनच आला होता. मठाच्या अंगणात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत त्यानं हे विचारलं.

हा टोमाश डॅन्यूब नदीच्या अलीकडच्या काठाचा. आवाज असा, की देवळाची घंटाही लाजावी. पलीकडच्या काठावर दुसरा देश, दुसरी भाषा. लढाई झाली ती आजोबांच्या वेळी, पण अबोला अजून ताजा. या दोन काठांची माणसं, शिवाय लांबून आलेले पोलंडचे, इटलीचे, अशा सगळ्यांना एका ओळीत उभं करून म्हातारे बेनेडेक बाबा समूहगान शिकवायचे.

आणि टोमाशच्या शेजारी कोण? तर पलीकडचा मासेवाला गाबोर. पोटानं गोल, तोंडानं हसरा.

“त्याच्या भाषेतला एक शब्द मला येत नाही, आणि यायला नकोय,” टोमाश म्हणाला. “वर मासळीचा वास!”

गाबोरला काही कळलं नाही. आपलं कौतुकच चाललंय असं समजून त्यानं मान डोलावली.

“जा की,” बाबा म्हणाले. “शेवटचा लांब सूर तेवढा देऊन जा.”

त्या ओळीची एक रीत होती. लांब सुरात दम संपत आला, की शेजाऱ्याच्या मनगटावर बोट टेकवायचं. तो सूर धरून ठेवतो, तेवढ्यात आपण श्वास घ्यायचा. टोमाशनं आजवर कुणाला बोट लावलं नव्हतं. “माझा दम मला पुरतो,” म्हणायचा.

गाठोडं पायाशी ठेवून टोमाश ओळीत आपल्या जागी उभा राहिला. बाबांनी हात वर केला; तो खाली येईपर्यंत सूर सोडायचा नाही. सूर लागला.

हात काही खाली येईना.

टोमाश आधी गुलाबी झाला, मग बिटासारखा लाल. स्वयंपाकी हातात डाव घेऊन बघायला बाहेर आला. बाबांनी दुसऱ्या हातानं निवांत नाक खाजवलं.

हात वरच…

टोमाशचे डोळे बाहेर यायला लागले. आणि त्याचं बोट आपसूक सरकलं, गाबोरच्या मनगटावर टेकलं.

गाबोरनं पोट फुगवून सूर धरला. टोमाशनं घटाघटा वारा प्यायला. सूर केसभरही हलला नाही.

मग गाबोरचं ते मासळीच्या वासाचं बोट टोमाशच्या मनगटावर आलं.

टोमाशनं बघितलं… आणि सूर धरून ठेवला.

बाबांनी हात खाली घेतला. स्वयंपाकी हसला.

टोमाशनं गाठोडं उचललं. पुन्हा खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

“जाऊ ना मी, बाबा?”

“जा बाळा. तू गप्प होतास तेव्हा ज्यानं तुझा सूर धरला, त्याचा निरोप घे आणि जा. पण त्याच्या भाषेत घे.”