खर्जातली खरखर

फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट. एक वृद्ध वादनगुरू होते आणि हेमांगी नावाची त्यांची एक शिष्या होती. वय चाळिशीचे, गाण्याच्या शिकवण्या घेऊन घर चालवणारी. गुरुजी दर गुरुवारी तिच्या घरी येऊन तिला पियानो शिकवत. दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांतच तिच्या त्या डिजिटल पियानोतून खरखर येऊ लागली. खर्जातला स्वर दाबला की त्याच्या मागून खर्रर्र असा आवाज येई आणि हेमांगी भिऊन बोट उचलून घेई.

ही भीती पियानोची नव्हती. तिच्या वडिलांना ऐकू येईनासे झाले, त्याची सुरुवात कानातल्या अशाच खरखरीने झाली होती. आपलेही कान गेले तर? शिकवण्या जातील, घर कसे चालेल?

मग तिने उपायांचा सपाटा लावला. पियानोवरचा मोबाइल दुसऱ्या खोलीत नेला. अडॅप्टर बदलला. एक्स्टेन्शन बोर्ड सोडून पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली. खरखर काही हटेना. हेडफोन लावून पाहण्याचे मात्र तिला धैर्य झाले नाही. खरखर थांबली तर दोष स्पीकरचा, पण न थांबली तर? त्या 'तर'ला ती इतकी भ्यायली, की हेडफोन कपाटात ठेवून तिने कपाटाला चक्क कुलूप लावले. माणूस भ्याला की असेच शहाणपण सुचते! हीच खरखर शिकवणीच्या हार्मोनियमवर ऐकू येत नाही, हेही तिच्या ध्यानात येईना. शेजारणीला बोलावून 'तुम्हाला ऐकू येतंय का हो?' एवढे विचारायलासुद्धा तिची जीभ रेटली नाही.

पंधरा दिवस ती खर्ज टाळून वाजवत राहिली. अखेर गुरुजींनी विचारले, "अगं, डावा हात खाली उतरतच नाही तुझा. तिकडे साप बसलाय का?"

तिचा बांध फुटला. सगळे सांगून ती कशीबशी म्हणाली, "मी वाजवते. तुम्हीच सांगा, आवाज येतोय का." तिने खर्जातला सा दाबला. खर्रर्र.

गुरुजींनी डोळे मिटून कान दिला. मग हळूच म्हणाले, "नाही. मला खरखर ऐकू आली नाही."

म्हणजे दोष आपल्याच कानांचा, असे म्हणून हेमांगीने पियानोवरचे हात काढून घेतले. इतक्यात गुरुजींनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ते उठले आणि त्यांनी आपला तळहात स्पीकरच्या जाळीवर टेकवला.

"पुन्हा वाजव."

तिने सा दाबला.

"आहे!" गुरुजी म्हणाले. "हाताला कळतंय. आत काहीतरी नाचतंय. वायर काढ आणि एका बाजूने धर."

दोघांनी मिळून पियानो उलटा केला, वरून थोपटला. चटईवर चार-सहा दाणे पडले. कुंकवाने माखलेले तांदूळ! दसऱ्याला वाद्याची पूजा करताना तिनेच मोठ्या भक्तिभावाने अक्षता वाहिल्या होत्या, त्या नेमक्या स्पीकरच्या जाळीवर. पियानो सरळ ठेवून, वायर जोडून तिने सा दाबला. स्वर स्वच्छ होता.

हेमांगीला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. मग ती एकदम थबकली. "पण गुरुजी, खरखर तर होती. मग तुम्हाला कशी ऐकू आली नाही?"

"बारीक आवाज मला तीन वर्षांपासून ऐकू येत नाहीत," गुरुजी म्हणाले. "शिष्य सोडून जातील म्हणून कुणापाशी बोललो नाही. मघाशी 'हो, येतंय' म्हटलं असतं तर तुझी भीती जागच्या जागी गेली असती आणि माझं बिंगही फुटलं नसतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण तू माझ्या कानाची साक्ष मागितलीस, ती खोटी कशी देऊ? कान नाही म्हणाला, तेव्हा हाताला विचारलं. आणि एक लक्षात ठेव. तांदळांनी तुला फारसं छळलं नाही. ती खरखर पंधरा दिवस तू एकटीने ऐकत बसलीस, त्याचा हा छळ. मी तर तीन वर्षं बसलोय."

हेमांगीने चटईवरचे दाणे वेचून मुठीत घेतले. मग म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

"उद्या नको," गुरुजी घाईघाईने म्हणाले. "उद्या जरा काम आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

हेमांगीने त्यांच्याकडे पाहिले. तो सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

"उद्याच," ती म्हणाली.