महाराजांचं लोणी कुणी पळवलं?

"माझ्या ताटात आजवर कधीच आला नाही, असा पदार्थ उद्या दुपारी मला वाढायचा! नाही जमलं, तर तुझी चूल कायमची बंद!"

राजा रणधवलानं फर्मावलं आणि हौसाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. मोरनगरीच्या वेशीजवळ तिची खाणावळ होती. नवरा गेल्यापासून त्या एका चुलीवर ती आणि तिच्या दोन लेकी जगत होत्या. चूल विझली तर खायचं काय, माती?

आणि गुन्हा तरी काय? तर दरबारातले मानकरी वाड्यातलं पंचपक्वान्न सोडून गुपचूप तिच्याकडे जेवायला यायचे! शिवारातल्या जोंधळ्याची भाकरी, ओढ्याकाठची अंबाडी, घरच्या म्हशीचं लोणी. संपलं! पण माणसं बोटं चाटत उठायची. वाड्याचे मुख्य आचारी गुंडोपंत, त्यांच्या पोटात दुखलं नसतं तरच नवल. त्यांनी राजाचे कान भरले आणि हौसाबाईला बोलावणं आलं.

"सरकार, मुलखामुलखाचे जिन्नस तुमच्या वाड्यात येतात. ताटात न आलेलं मी गरिबानं कुठून आणायचं?"

"ते तू बघ! आणि हो, शिवारातलंच हवं. फार कौतुक ना तुला तुझ्या शिवाराचं!"

राजा एकदा बोलला की बोलला. हौसाबाईनं डोकं खाजवलं.

"करडईची भाजी?"

"आलीय!" गुंडोपंत म्हणाले.

"कुरडू?"

"आलाय!"

"चिघळ? तांदुळजा? बांधावरची करटुली?"

"आली, आला, आली! बाई, आमच्या मुदपाकखान्यातून काही सुटत नाही, समजलीस?"

एवढ्यात राजाच्या जेवणाची वेळ झाली. चांदीचं ताट आलं. वाफा निघत होत्या, वास असा की हौसाबाईच्या तोंडालाही पाणी सुटलं. पण राजा जेवेना! पुढे आला भिकाजी. गोबरे गाल, सुटलेलं पोट, चेहऱ्यावर कसं तेज! त्यानं प्रत्येक पदार्थातला चांगला घसघशीत घास घेतला, डोळे मिटून चावला आणि हात जोडून उभा राहिला. मग एका सेवकानं पाण्याच्या घंगाळात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडली आणि सगळे त्या वाटीकडे बघत बसले.

"हे काय चाललंय हो?" हौसाबाईनं शेजारच्या पहारेकऱ्याला हळूच विचारलं.

"विष नाही ना, ते बघतात. वाटी बुडाली की घटका भरली. तोवर भिकाजी जिवंत राहिला, तरच महाराज जेवणार. थोरल्या महाराजांपासूनची रीत आहे."

वाटी बुडाली. भिकाजी ठणठणीत! राजानं भाकरी ओढली, ताटातला लोण्याचा घट्ट गोळा तिच्यावर ठेवून बोटानं मोडला आणि तो निमूटपणे चावू लागला. हौसाबाईनं त्या गोळ्याकडे पाहिलं, मग भिकाजीच्या गालांकडे पाहिलं, आणि तिला हसूच फुटलं.

"जमलं, सरकार! उद्या पदार्थ मिळेल. पण तुम्हालाच माझ्याकडे यावं लागेल. तो काही वाड्यापर्यंत टिकायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी लवाजम्यासकट राजा खाणावळीत हजर! चुलीपुढेच त्याचा पाट मांडला होता. हौसाबाईनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर टम्म फुगवली.

गुंडोपंत टाळ्या पिटत ओरडले, "भाकरी! अहो, ही तर रोज येते ताटात! हरली, हरली!"

"पंत, जरा दम धरा. तुमच्यासाठी नाही टाकलेली!"

भिकाजी सवयीनं पुढे सरकला. हौसाबाईनं त्याला हातानं अडवलं. तिनं लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवला, भाकरीचा एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेली राजाच्या ताटात वाढली.

"माझं वाढलेलं मीच आधी खाल्लंय, सरकार. विष असेल तर दोघं बरोबर जाऊ. पण आता थांबू नका, पदार्थ पळेल!"

राजानं ताटात पाहिलं आणि तो ताडकन उठला.

"चोर! चोर आहे इथे! आत्ता माझ्या डोळ्यांदेखत भाकरीवर लोणी होतं. कुणी पळवलं?"

"कुणी नाही, सरकार. ते विरघळलं."

"विरघळलं? लोणी विरघळतं?"

"आधी खा तरी!"

राजानं मोठा घास तोंडात कोंबला. "हाऽ! हूऽ! भाजलं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"विष! धरा हिला!" गुंडोपंत किंचाळले.

"विष कसलं, वाफ आहे ती!" हौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "सरकार, जगातला प्रत्येक पदार्थ तुमच्या ताटात आला असेल. पण घटकाभर थांबून! गरम घास आजवर एकदा तरी आला होता का? विचारा पंतांना!"

गुंडोपंत हळूच लवाजम्यामागे सरकले.

राजानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. अंबाडीची भाजी संपली, दुसरी भाकरी संपली. चौथ्या भाकरीला तो अचानक थबकला आणि वळून भिकाजीच्या गालांकडे रोखून बघू लागला.

"म्हणजे वीस वर्षं गरम जेवतोस तू, आणि गार गिळतो मी?"

भिकाजीनं पोट आत ओढायचा प्रयत्न केला, पण ते काही जाईना. ते पाहून राजा असा खदाखदा हसला, असा हसला, की त्याला ठसकाच लागला! हौसाबाईनं झटकन ताकाचा पेला पुढे केला.

"बाई, जिंकलीस! वेशीपासून ओढ्यापर्यंतची सगळी जमीन आजपासून तुझी. चूल पेटती ठेव, मी दर बाजाराच्या दिवशी इथेच जेवणार!" राजानं पाचव्या भाकरीसाठी ताट पुढे केलं. "आणि भिकाजी, ती वाटी आण. आज आधी मी जेवतो. ती बुडेपर्यंत तू थांबायचं!"