घळीपलीकडचे उंबर

एका डोंगरउतारावरच्या जंगलात वानरांची एक टोळी राहत असे. त्या टोळीची स्वतःची शाळा होती, बरं का मुलांनो! चिंचेच्या झाडावर भरायची. एक म्हातारे वानर तिथे गुरुजी होते आणि विषय एकच : उडी. सकाळी आया पिल्लांना पोटाशी धरून आणत, फांदीवर ठेवत आणि पाला खायला निघून जात. संध्याकाळी आई दिसली की पिल्लाने हात वर करायचे आणि तिने त्याला उचलून न्यायचे, हा टोळीचा जुना रिवाज. शाळेत काय झाले, हे कोणी विचारत नसे. एका वानरीचे पिल्लू तर इतके गुबगुबीत झाले होते, की घरी नेताना त्याची शेपटी काट्याकुट्यांतून फरफटत जाई. "लहान आहे हो अजून," ती म्हणे.

उन्हाळा वाढला आणि अलीकडचा पाला संपला. खोल घळीपलीकडे मात्र उंबर लालबुंद लगडले होते. "चला पलीकडे!" म्होरक्याने हुकूम सोडला. पण वाढते पिल्लू पोटाशी घेऊन एवढी लांब उडी कोणत्याच आईला झेपेना. पिल्लांना काठच्या फांदीवर उभे केले, तर सगळ्यांनी आईकडे पाहून हात वर केले! झाले, टोळी भडकली. माल घरी नेऊन उन्हात टाकायचा आणि तो बिघडला की दुकानदारावर ओरडायचे, अशी गिऱ्हाइके असतात ना, त्यातलाच प्रकार.

"गुरुजी, वर्षभर केलंत काय? चिंचा खाल्ल्यात?" गुबगुबीत पिल्लाची आई कडाडली.

"तीन दिवस देतो," म्होरक्या म्हणाला. "पोरं उडाली नाहीत तर शाळा बंद. आणि आपण सगळे उपाशी."

गुरुजींनी शांतपणे कान खाजवला. "पोरं उडतात, ताई. तुम्ही कधी पाहायला आला नाहीत, एवढंच. उद्या या. नुसतं बसा."

दुसऱ्या दिवशी झाडून सगळे आईबाप चिंचेवर हजर. तिथल्या दोन फांद्यांत घळीएवढेच अंतर होते. एकामागून एक पिल्ले ते अंतर लीलया पार करू लागली. आईबापांचे डोळे विस्फारले. गुबगुबीत पिल्लानेही झेप घेतली, पण ते हवेत असतानाच आई मागून ओरडली, "अगं बाई, पडेल ना!" आणि हात पसरून धावली. पिल्लाने वळून पाहिले आणि धप्प! खाली पाचोळ्याच्या ढिगात.

"आई, तू ओरडली नसतीस तर पोचलो असतो!" ते पाचोळा झटकत रडवेले होऊन म्हणाले.

वानरी ओशाळली. "मग गुरुजी, आम्ही येऊच नये का?"

"असं कसं? मी एकटा कुठवर पुरणार? मी अलीकडून उडायला सांगतो, पण पलीकडून बोलावणारं कोणी नको? हात पसरा, ताई. फक्त पुढे जाऊन पसरा."

मग काय, तो दिवस आणि पुढचा दिवस आया पलीकडच्या फांदीवर बसून हाका मारू लागल्या. बापांनी वाळलेल्या फांद्या मोडून वाट साफ केली. दिवसभर ओरडून गुरुजींचा घसा बसतो, हेही तेव्हाच सगळ्यांना कळले. कोणीतरी त्यांच्यासाठी उरलासुरला कोवळा पाला शोधून आणला.

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी मोठी वानरे आधी घळ ओलांडून गेली. उंबर अगदी हाताशी होते, पण एकालाही तोंडात घालवेना. अलीकडून गुरुजी बजावत होते, "घळीत बघू नका, फांदीकडे बघा!" पिल्ले एकेक करून पोचली. शेवटी उरले ते गुबगुबीत. त्याची आई हात पसरून बसली होती. या वेळी तिने तोंड घट्ट मिटले होते.

पिल्लाने नेम धरला, थांबले आणि मोठ्याने ओरडले, "आई, जरा सरक ना! मला धरायची फांदी तू अडवलीयस!"

सगळी टोळी खो खो हसली. आई घाईघाईने सरकली आणि पिल्लू असे दणक्यात येऊन बसले, की पिकलेली उंबरे म्होरक्याच्या डोक्यावर टपाटप पडली.

तात्पर्य : मूल शाळेत सोडून पाठ फिरवू नये आणि त्याची उडी आपणही मारू नये, गुरुजींच्या जोडीने उभे राहून पुढून हाक द्यावी.