फौजदाराचा श्वास

“पण मॅडम, मी टाके घालायचे तरी कधी?”

प्रणव सरंजामेने हे विचारलं तेव्हा टिळेकर मॅडम कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होत्या. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. प्रणव सुवर्णपदक घेऊन त्यांच्या हाताखाली आला होता, आणि आल्यापासून शेळ्यांचे खूर कापत होता.

“एक्स-रेचा फोटो बघितलास?”

बघितला होता. टेबलावर भूल देऊन निजवलेला बोका हमीदाबींच्या बेकरीतला. नाव फौजदार. आदल्या दिवशी त्याला स्कूटरने उडवलं होतं. वरून ओरखडाही नाही, पण तेव्हापासून तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटला होता. जठर, आतडी, यकृताचा एक तुकडा, सगळं बिऱ्हाड त्या भोकातून वर छातीत राहायला गेलं होतं. फुप्फुसांना फुगायला जागाच उरली नव्हती.

प्रणवने एका दमात सांगून टाकलं. पोट कुठून उघडायचं, अवयव खाली कसे घ्यायचे, पडदा कुठल्या टोकापासून शिवायचा, दोरा कुठला. पुस्तकातल्या पानासकट.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “फुगा धर.”

“...फुगा?”

बोक्याच्या घशातल्या नळीला एक रबरी फुगा जोडला होता. पोट उघडलं की फाटक्या पडद्याने त्याला स्वतःचा श्वास ओढता येणार नव्हता. पडदा शिवून होईपर्यंत कुणीतरी फुगा दाबत राहायला हवं.

“हे तर शिपाईसुद्धा करेल, मॅडम.”

“तो मेहुणीच्या लग्नाला गेलाय.”

हमीदाबींनी दारातून मान आत घातली. “डॉक्टरीणबाई, जरा लवकर करा हां. उंदरांना कळलंय हा आजारी आहे ते.”

मॅडमनी पायानेच दार लोटलं आणि सुरी हातात घेतली.

प्रणव फुगा दाबू लागला. तोंड मात्र मोकळंच होतं.

“मॅडम, आमच्या कॉलेजात हा छेद थोडा...”

“श्वास.”

त्याने फुगा दाबला. मॅडमनी जठर हलकेच खाली ओढलं. मागोमाग आतडी आली.

“यकृत नेहमी शेवटी, नाही का? कारण एका शोधनिबंधात...”

“श्वास.”

दाबला. मॅडमनी पहिला टाका घातला. प्रणवला राहवेना. पुढे वाकून तो म्हणाला, “इथे दुसऱ्या प्रकारची गाठ जास्त टिकते. माझ्या परीक्षेत हाच प्रश्न होता आणि मी त्यात...”

मॅडमनी बोटाने फक्त बोक्याची जीभ दाखवली.

जीभ जांभळी पडली होती.

प्रणवने दोन्ही हातांनी फुगा आवळला.

“हळू! मांजर आहे, सायकलची ट्यूब नाही.”

तो हळू झाला. दाब... सोड. दाब... सोड. जीभ जांभळीच. एवढ्यात त्याच्या लक्षात आलं, आपणच श्वास रोखून धरलाय. मग तो बोक्याबरोबर घ्यायला लागला. त्याला एक, स्वतःला एक.

जीभ गुलाबी झाली.

त्यानंतर खोलीत फक्त फुग्याचा आवाज होता. परीक्षा, पदक, शोधनिबंध, सगळं कुठल्या कुठे गेलं. प्रणवला दिसत होती ती बोक्याची छाती, वर आणि खाली.

“प्रणव.” मॅडमनी सुईचा चिमटा त्याच्यापुढे धरला. “पडद्याचा शेवटचा टाका. फुगा मी धरते. घाल.”

प्रणवने चिमट्याकडे पाहिलं. मग जिभेकडे.

“तुम्हीच घाला, मॅडम. आत्ताशी कुठे ह्याची लय लागलीये.”

मॅडमनी टाका घातला. छातीत अडकलेली हवा पिचकारीने ओढून घेतली, पोट शिवलं.

“सोड आता.”

प्रणव सोडेना.

“अरे, सोड.”

त्याने सोडला. काहीच झालं नाही... मग बोक्याची छाती आपली आपण उचलली गेली.

नळी काढून तासभर होऊन गेला. प्रणव पिंजऱ्यात वाकून फौजदाराच्या मिशा ओल्या कापसाने पुसत होता. फौजदाराने एक डोळा उघडला, पंजा उगारला आणि त्याच्या मनगटावर तीन लालभडक रेघा ओढल्या.

“मॅडम! टाके तुम्ही घातलेत आणि हा ओरबाडतोय मला!”

टिळेकर मॅडम हात पुसत होत्या.

“मला कशाला ओरबाडेल? मी नुसतं शिवलं.”