हौशाचं खरं, सारजाचं खोटं

एका गावात एक तेलीण राहत होती. सारजा तिचं नाव. तिचा नवरा केरबा घाण्यावर तेल काढायचा आणि ती तेलाची घागर डोक्यावर घेऊन डोंगरातल्या सात वाड्यांवर विकायला जायची. वाट चढउताराची. पण सारजा चालायला लागली, की बरोबरीच्या बायका मागे पडायच्या आणि "अगं, जरा दमानं!" म्हणून ओरडायच्या. ती हसायची आणि आणखीच झपाझप निघायची. शेवटची वाडी खिंडीच्या पलीकडे होती. खिंडीतून तिच्या माहेरची झाडं दिसत. तिथे ती घागर उतरवून वाऱ्यात घटकाभर उभी राही. तेल विकणं हे आपलं निमित्त. खरं म्हणजे तिला चालायलाच आवडायचं.

एका साली गावात तापाची साथ आली. घरोघर माणसं आडवी झाली. आठ-दहा दिवसांत बहुतेक सगळी उठली आणि कामाला लागली. सारजाचाही ताप उतरला, पण ती उठली ती निम्मीच उठली. विहिरीवरून एक कळशी आणली, तर दुसऱ्या दिवशी तिला हात उचलवेना. रात्रभर झोपून सकाळी जाग यावी, तर रात्रभर दळण दळल्यासारखं अंग दुखायचं. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही. एखादा दिवस बरा जायचा. त्या दिवशी ती अधाशासारखी कामं उरकायची आणि पुढचे चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "ताप नाही, खोकला नाही. मला तरी आजार दिसत नाही," असं म्हणून त्यांनी आपला बटवा बांधला. बुवा एवढंच म्हणाले होते, की दिसत नाही. गावानं त्याचा अर्थ लावला, की नाहीच. असले अर्थ लावायची गावाला मोठी हौस असते.

कुणी दृष्ट काढली, कुणी सुंठीचा काढा पाजला. "पडून राहिलं की आणखी पडावंसं वाटतं. ऊठ, कामाला लाग," असं शेजारणींनी बजावलं. केरबानं मात्र सहा महिने दम धरला. स्वतः भाकऱ्या थापल्या आणि जशा जमल्या तशा खाल्ल्या. मग त्याचाही धीर सुटला.

"ताप सगळ्या गावाला आला," तो एक दिवस म्हणाला. "सगळं गाव उठलं. तुझंच काय जगावेगळं हाय? सोंग पुरं झालं आता."

भांडायलाही अंगात बळ लागतं. सारजा दारात बसून खिंडीकडे बघत राहिली.

मग तो तिचा रोजचाच नेम झाला. दारात बसायचं आणि मनातल्या मनात ती वाट चालायची. ओढा, करवंदीच्या जाळ्या, दगडी चढण, मग वारा. तिला फार वाटायचं, की एकदा तिथवर जावं. तेल नको, घागर नको, नुसतं जावं. आपल्याच पायांची अशी आठवण यावी याची तिला लाज वाटायची, म्हणून ती हे कुणालाच सांगत नसे.

वर्ष सरत आलं आणि गावच्या गुरांमध्ये लाळ-खुरकूत शिरली. केरबाच्या घाण्याचा बैल हौशा त्यातून सुटला नाही. तोंडात फोड, खुरांत जखमा. केरबानं त्याचे खुर कडुलिंबाच्या पाण्यानं धुतले आणि त्याला हातानं आंबील पाजली. महिन्याभरात फोड गेले, जखमा भरल्या. हौशा चारा खाऊ लागला तेव्हा केरबानं त्याला घाण्याला जुंपलं. पाच-सहा फेरे झाले आणि हौशा थांबला. जीभ बाहेर, भात्यासारखी धाप. दुसऱ्या दिवशी तर तो गोठ्यातून बाहेरच येईना.

समोरचा बाबजी लोहार बघत उभा होता. त्यानं सल्ला दिला, "केरबा, खाऊन-पिऊन माजलाय तो. दोन फटके ओढ पाठीवर, म्हंजी पळंल."

केरबा केवढा तरी संतापला. "हात लावशील तर बघ! रोग गेलाय, पर जाताना अंगातलं बळ घिऊन गेलाय. वरून दिसत न्हाई म्हणून काय झालं? मुकं जनावर कशाला खोटं वागंल?"

बाबजी खाली मान घालून निघून गेला. केरबानं हौशाला सावलीत बांधलं आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत तो म्हणाला, "बस बाबा. तुला जमंल तेवढंच कर."

सारजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिचा आवाज चढला नाही. चढवायला त्राणच नव्हतं.

"त्याला बोलता येत न्हाई, म्हणून त्याचं खरं," ती म्हणाली. "आन् मला तोंड हाय, म्हणून माझं खोटं. व्हय ना?"

केरबाचा हात हौशाच्या मानेवरच राहिला. मग तो येऊन उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "सारजा, तुला नेमकं होतं तरी काय?"

वर्षभरात हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. सारजानं सांगायला सुरुवात केली. ती मध्येच दमून थांबायची आणि केरबा वाट बघायचा. सांगून होईपर्यंत दुपार झाली.

वैद्यबुवांना त्यानं पुन्हा बोलावलं. बुवा माणूस सरळ होता. "तापानं मागं काय ठेवलंय, ते मला कळत नाही," ते म्हणाले. "नाहीच असं मात्र मी म्हटलं नव्हतं. हिला दमायच्या आधी थांबू दे." तेव्हापासून घाणा निम्माच फिरू लागला. वाड्यांवर तेल घेऊन केरबा जाऊ लागला. सारजा कुठं आहे असं तिथल्या बायकांनी विचारलं, की तो सरळ सांगायचा, की ती आजारी आहे.

असे काही महिने गेले. एका सकाळी सारजाला जरा बरं वाटत होतं. "मला खिंडीच्या वाटेनं चालायचंय," ती म्हणाली. दोघं हळूहळू निघाली. ओढ्याशी पोचल्यावर ती दगडावर बसली आणि म्हणाली, "बास. एवढंच."

"आणखी थोडं चल की," हे शब्द केरबाच्या अगदी ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले आणि तो तिच्या शेजारी बसला.

सारजा वर खिंडीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मला तिकडं जायचं हाय वो," ती म्हणाली. "लई जायचं हाय."

"मला ठाव हाय," केरबा म्हणाला.

पुढे ती खिंडीपर्यंत पोचली की नाही, ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण त्या दिवशी ती पोटभर रडली आणि रडताना तिला आपल्या पायांच्या आठवणीची लाज वाटली नाही. ऊन चढायच्या आत दोघं घराकडे वळली. ती थांबेल तिथे तोही थांबत होता.

तात्पर्य: दुखणं आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच असं मानू नये. दुखण्याला औषध नसेल, तर निदान दुखणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा.