काचेच्या हॉटेलसमोरच्या चादरी

सोलापुरात आमच्या चाळीसमोरची जुनी गिरणी पाडली आणि तिथं काचेचं हॉटेल उभं राहिलं. खोल्यांना काचेच्या भिंती, न्हाणीघरांनाही काचेच्याच. मालक हंचाटेसाहेबांना त्याचा भारी अभिमान. त्यांना खुपत होती फक्त आमची गच्ची. तिथं ठकूताई परीट लोकांच्या चादरी धुऊन वाळत घालायची. तिचं घर त्यावरच चालायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांचे खास पाहुणे हॉटेलात उतरले, आणि साहेब धापा टाकत गच्चीवर आले.

“मावशी, शहर बदलतंय. माझ्या पाहुण्यांनी खिडकीतून तुझी धुणी बघायची का? दोऱ्या आजच्या आज काढ, नाहीतर पालिकेची माणसं आणून तोडायला लावीन.”

ठकूताई भांडली नाही. हातातली चादर पिळत म्हणाली, “काढते की, साहेब. आज तुमच्या पाहुण्यांना माझ्या चादरी दिसतात. उद्या चादरी नसल्या, की अख्ख्या चाळीला या गच्चीवरून तुमचे पाहुणे दिसतील.”

असं म्हणून तिनं दोरीवरची एक चादर हळूच बाजूला सारली. समोरच्या न्हाणीघरात लख्ख दिव्याखाली एक गृहस्थ डोक्याला साबण चोळत, मान डोलावत गात होते.

“अरे देवा! हे तर आमचे व्याही!”

“आवाज तेवढा इथवर येत नाही,” ठकूताई म्हणाली.

साहेबांनी झटकन चादर ओढून स्वतःच्या हातानं सारखी केली. मग जिन्याच्या तोंडाशी थांबून ते हळूच म्हणाले, “ठकूताई, दोऱ्या राहू द्या. आणि एवढं करा, सणासुदीलाही त्या रिकाम्या ठेवू नका.”